फेणीचे नाव कुणाच्या नावावर?

मे महिना संपत आला की पेडणे आणि थिवी स्थानकांवर मुंबईला परतणाऱ्या आपल्या मंडळींची गर्दी होते. कुणाचेही सामान उघडून पाहावे, आत जवळपास त्याच वस्तू निघतात. गवतात रचलेले मानकुराद, वर्तमानपत्रात बांधलेले काजूगर, जत्रेतले खाजे, हरमलच्या मिरचीची पुरचुंडी आणि अगदी तळाशी जुन्या पंच्यात गुंडाळलेली एक बाटली, परवान्याच्या कागदासकट. तिच्याविषयी विचारले तर घरातली वडील मंडळी अजूनही 'औषधाला असावी' एवढेच सांगतात.

या पाचही वस्तूंना आज भौगोलिक मानांकन, म्हणजे बोलीभाषेतला 'जीआय टॅग', मिळालेले आहे. फेणीला ते २००९ मध्ये मिळाले. हरमल मिरची आणि खाजे यांना २०२१ मध्ये, तर मानकुराद आणि गोव्याचा काजू यांना २०२३ मध्ये. एवढ्याशा प्रदेशाच्या पदरात इतकी मानांकने पडली याचा आपल्याला आनंद झाला, आपण एकमेकांना अभिनंदनाचे संदेश पाठवले. पण मानांकन मिळाले म्हणजे नेमके काय मिळाले, कुणाला मिळाले आणि त्याचे पुढे काय करायचे, याची चर्चा आपल्यात फारशी झाली नाही. ती आता करणे भाग आहे, कारण जगाच्या बाजारात याच नावांचे व्यवहार सध्या ठरत आहेत आणि त्यात सर्वांत पुढे आहेत वाईन आणि मद्ये.

आपल्या पानावर दारूवर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमच्याही घरांतून ही वस्तू उघडपणे ताटाजवळ कधी आली नाही. परंतु पेडणे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांतल्या कितीतरी कुटुंबांची वर्षाची निम्मी मिळकत फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांतल्या काजूवर अवलंबून असते. बी विकून पैसे होतात आणि बोंडू भाटीवर जातात. तेव्हा प्रश्न पिण्या-न पिण्याचा नसून गावच्या पोटापाण्याचा आहे, अशा नजरेने हा लेख वाचावा ही विनंती.

करार आणि नावे

आपल्या देशात परदेशी वाईन आणि मद्यावर मूळ आयात शुल्क १५० टक्के होते. गेल्या काही वर्षांच्या व्यापार करारांनी ही भिंत हळूहळू उतरवायला घेतली. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आला आणि ठरावीक किमतीच्या वरच्या बाटल्यांवरचे शुल्क कमी झाले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला. त्यात व्हिस्कीवरचे शुल्क आधी ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत आणायचे ठरले. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी चाललेल्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे नवी दिल्लीत जाहीर झाले. युरोपच्या वाईनवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने २० ते ३० टक्क्यांपर्यंत खाली येणार आहे.

शुल्काच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. नावांच्या बातम्या आत कुठेतरी छापल्या जातात. पण युरोपला शुल्काइतकीच नावांची काळजी असते. शॅम्पेन म्हणायचे ते फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्याच वाईनला, पोर्ट म्हणायचे ते पोर्तुगालच्या डोरो नदीच्या खोऱ्यातल्याच वाईनला, असा त्यांचा आग्रह असतो. त्यासाठी भारताशी नावांच्या संरक्षणाचा एक वेगळाच करार करण्याची बोलणी २०२२ पासून व्यापार कराराच्या बरोबरीने ठेवली गेली. अशा करारात दोन्ही बाजू आपापल्या नावांच्या याद्या देतात. चीन आणि युरोप यांच्यात २०२१ मध्ये असाच करार अमलात आला, तेव्हा प्रत्येक बाजूची शंभर नावे यादीत होती. आपल्या बाजूच्या यादीत फेणी असावी, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको. ब्रिटनशी करार झाला तेव्हाही गोव्याची फेणी, नाशिकची वाईन आणि केरळची ताडी यांची नावे बातम्यांत झळकली होती.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात, ज्याला 'ट्रिप्स' म्हणतात, भौगोलिक नावांना दोन पातळ्यांवर संरक्षण आहे. आंबा, मिरची, चप्पल, साडी अशा वस्तूंना साधे संरक्षण आहे. म्हणजे ग्राहकाची दिशाभूल होते आहे हे तक्रार करणाऱ्याला दाखवावे लागते. पण कराराच्या तेविसाव्या कलमात वाईन आणि मद्य यांना वरच्या पातळीचे संरक्षण दिले आहे. तिथे दिशाभूल सिद्ध करण्याची गरज नाही. 'अमुक पद्धतीची', 'तमुक प्रकारची' अशी मखलाशी करूनही ते नाव दुसऱ्याला वापरता येत नाही. युरोपच्या वाईन उत्पादकांनी स्वतःसाठी करून घेतलेली ही सोय आहे. परंतु फेणी हेही मद्यच असल्याने तिला त्याच कलमाचा आधार मिळतो. दार्जिलिंगच्या चहाला किंवा रत्नागिरीच्या हापूसला जे जगात सहज मिळत नाही, ते कागदावर तरी आपल्या भाटीच्या मालाला मिळू शकते.

मात्र त्याच कराराने एक अटही घातली आहे. जे नाव आपल्या मायदेशात सांभाळले जात नाही, ते सांभाळण्याची जबाबदारी दुसऱ्या देशावर येत नाही. म्हणजे लंडनच्या किंवा लिस्बनच्या दुकानातले प्रश्न पुढचे. आधी म्हापशाच्या बाजारात आणि डिचोलीच्या तिठ्यावर फेणी या नावाने काय विकले जाते, त्याचा हिशेब द्यावा लागेल.

न्यायालयांतून मिळालेले धडे

नाव मिळवणे आणि राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याच देशातल्या तीन प्रकरणांतून दिसते.

पहिले प्रकरण स्कॉच व्हिस्कीचे. बंगळुरूच्या खोडे कंपनीने 'पीटर स्कॉट' नावाची व्हिस्की १९६८ पासून बाजारात आणली होती. 'स्कॉट' या शब्दाने ग्राहकाला ती स्कॉटलंडची वाटेल, अशी स्कॉच उत्पादकांच्या संघटनेची तक्रार होती. पण या नावाची माहिती १९७४ मध्ये होऊनही संघटनेने ते नोंदवहीतून काढावे असा अर्ज केला तो १९८६ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल खोडेंच्या बाजूने दिला. इतकी वर्षे गप्प बसलेल्याला आता तक्रार करता येणार नाही, हे त्यातले एक मुख्य कारण होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत आणि जागरूक मद्य संघटनांपैकी एक असलेल्या या संघटनेची ही गत झाली. आपली नक्कल होताना पाहून 'चालायचेच' म्हणणाऱ्यांनी यावरून काय ते समजावे.

दुसरे प्रकरण कोल्हापुरी चपलेचे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने ती जुलैमध्ये फेटाळली. हे नाव ज्यांच्या नावावर नोंदलेले आहे ते स्वतः न्यायालयात येऊ शकतात, मग तुम्ही कशाला, असा त्या निकालाचा साधा अर्थ होता. पुढे डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी त्या कंपनीशी सहकार्याचा करार केला. संताप साऱ्या महाराष्ट्राचा होता, पण बोलणी करायला बसता आले ते नोंदणी असलेल्यांनाच.

तिसरे प्रकरण दूरचे वाटेल, पण ते आपल्याला सर्वांत जवळचे आहे. पिस्को हे द्राक्षांपासून काढलेले मद्य पेरू आणि चिली या दोन्ही शेजारी देशांत होते आणि दोघेही ते आपलेच म्हणतात. पेरूने २००५ मध्ये भारतात या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. चिलीने हरकत घेतली. आधी 'पेरूचा पिस्को' असे नाव मान्य झाले, नंतर २०१८ मध्ये अपील मंडळाने पेरूला नुसते 'पिस्को' देऊन टाकले. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि दोन्ही देशांत हे नाव खरोखरच चालत आले असल्याने पुढे देशाचे नाव लावूनच ते वापरावे, असे सांगितले. दक्षिण अमेरिकेतल्या दोन देशांचे भांडण दिल्लीत मिटवले जाते, यावरून हा व्यापार किती लांबवर पसरला आहे ते कळते. पण आमच्या मनात आले ते वेगळेच. सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच झाड, तेच फळ, तीच पद्धत असेल, तर नाव कुणाचे?

सीमारेषा आणि बोंडू

पेडण्यातल्या इब्रामपूर-हणखण्याहून किंवा डिचोलीतल्या साळ-लाटंबार्सेहून दोडामार्ग किती दूर आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. लेकी-सुना दोन्हीकडच्या, देव दोन्हीकडचे, बोली थोड्याफार फरकाने एकच. काजूची झाडेही तीच. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड डोंगरउतारांवर पसरत गेले तेव्हा त्याने राज्याची हद्द विचारली नाही.

ही हद्द तरी किती जुनी? डिचोली पोर्तुगीजांकडे गेली ती १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये. त्याआधी हे दोन्ही महाल सावंतवाडीकर भोसल्यांचे होते. म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या तहांनी जी रेषा पडली, तिनेच २००९ मध्ये ठरवले की अलीकडे निघते ती फेणी आणि पलीकडे निघेल ती नुसती काजूची दारू. पलीकडच्या बोंडूंपैकी बहुतेक वाया जातात. गंमत अशी की बियांच्या बाबतीत वेंगुर्ल्याचे नाव मोठे आहे. तिथल्या फळसंशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती कोकणात घरोघरी माहीत आहेत आणि वेंगुर्ला काजूलाही आपले मानांकन आहे. एकाच झाडाच्या बीचे नाव सीमेपलीकडे गाजते आणि बोंडूचे अलीकडे.

असे वाद आपल्याकडेच होतात असे नाही. शॅम्पेनची हद्द फ्रान्सने १९०८ मध्ये आखली तेव्हा ओब नावाचा जिल्हा बाहेर राहिला. १९११ मध्ये तिथले शेतकरी हजारोंनी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी मार्न जिल्ह्यातले शेतकरीही, बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून शॅम्पेन म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर चिडून उठले होते. दंगली झाल्या, वखारी फोडल्या गेल्या, सैन्य आणावे लागले. ओब जिल्ह्याला शॅम्पेनमध्ये पूर्ण स्थान मिळायला १९२७ उजाडावे लागले. मेक्सिकोच्या टकीलाचे नाव खालिस्को राज्यातल्या गावाचे आहे, पण आज कायद्याने ती खालिस्कोबरोबर आणखी चार राज्यांच्या काही भागांत करता येते. आणि कोल्हापुरी चपलेची २०१९ ची नोंदणी महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून झाली आहे. सीमाप्रश्नावरून एरवी एकमेकांशी कोर्टात भांडणाऱ्या दोन राज्यांनी चपलेपुरती एकत्र सही केली.

मग फेणीची हद्द दोडामार्गापर्यंत वाढवावी का? आमच्यात यावर एकमत नाही. काहींचे म्हणणे असे की परंपरा दोन्हीकडची असेल तर नावही दोन्हीकडचे असावे. इतरांचे म्हणणे असे की फेणीचे नाव गोव्याने घडवले, पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या भाटीकाराने घाम गाळून ते टिकवले, देशी दारू म्हणून हेटाळणी झाली ती त्यानेच सोसली. आता मान मिळू लागल्यावर वाटेकरी कशाला? आम्हाला दुसऱ्या म्हणण्यात अधिक बळ वाटते. नाव म्हणजे केवळ झाड आणि फळ नव्हे. ते पद्धतीचे, सवयीचे आणि त्या त्या गावातल्या गिऱ्हाईकाच्या जिभेचेही असते. परंतु हे म्हणायचे तर एक पथ्य पाळावे लागेल. बोंडू भरलेला टेम्पो पलीकडून अलीकडे आला आणि त्याची फेणी झाली, तर तिला काय म्हणायचे, याचे स्पष्ट उत्तर आपल्याकडे हवे. भारतीय कायद्याच्या व्याख्येनुसार, तयार केलेल्या मालाच्या बाबतीत उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यांपैकी एखादे काम त्या प्रदेशात झाले तरी चालू शकते. नेमके काय चालेल ते प्रत्येक नोंदणीच्या तपशिलावर ठरते. काजूगराच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी बोचतो. आपला देश आफ्रिकेतून कच्चा काजू मोठ्या प्रमाणावर आणतो. तो इथे सोलला, भाजला आणि 'गोव्याचा काजू' म्हणून किनाऱ्यावरच्या पर्यटकाला विकला, तर फसवणूक पर्यटकाची होते आणि नुकसान शेतकऱ्याचे. मार्न जिल्ह्यातला शेतकरी ११५ वर्षांपूर्वी याच कारणाने पेटला होता.

आपल्या दारातले परके नाव

दुसऱ्याने आपले नाव वापरू नये असे म्हणताना आपल्या दुकानातही एकदा पाहिले पाहिजे. गोव्यात पर्यटकांच्या कुठल्याही मद्याच्या दुकानात 'पोर्ट वाईन' लिहिलेल्या गोड, लाल वाईनच्या बाटल्यांची रांग असते. कितीतरी मराठी कुटुंबे गोव्याची आठवण म्हणून तीच घेऊन जातात. गोव्यात द्राक्षमळे नाहीत. द्राक्ष बाहेरचे आणि नाव पोर्तुगालचे. पोर्तुगालने 'पोर्तो' आणि 'डोरो' ही दोन्ही नावे भारतातही नोंदवून घेतली आहेत.

इथे इतिहासाचा एक विलक्षण योगायोग आहे. ज्या पोर्तुगालने १७८८ मध्ये पेडण्याची हद्द आपल्या नकाशात ओढली, त्याच पोर्तुगालने १७५६ मध्ये डोरोच्या खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांची हद्द सरकारी हुकमाने ठरवली आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यावर दगडी खांब रोवले. जगात वाईनच्या प्रदेशाची अशी रीतसर आखणी करणाऱ्यांत तो अगदी पहिल्या काहींपैकी होता. आपल्या नावाला दगडाची कुंपणे घालणारा हा देश गोव्यातल्या बाटल्यांकडे कायम डोळेझाक करील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. युरोपशी नावांचा करार झाला की हा विषय निघणारच.

तेव्हा आपली अडचण होईल, पण नामुष्की होण्याचे कारण नाही. दक्षिण आफ्रिकेतही पिढ्यान्‌पिढ्या 'पोर्ट' या नावाने वाईन होत होती. युरोपशी झालेल्या करारानंतर त्यांना ते नाव सोडावे लागले. आज ती वाईन तिथे 'केप रूबी', 'केप टॉनी' अशा स्वतःच्या नावांनी विकली जाते. ऑस्ट्रेलियानेही पोर्ट, शेरी आणि शॅम्पेन ही नावे करार करून सोडली. आपल्या गोड वाईनला गोव्याचे स्वतःचे नाव शोधणे अशक्य नाही. करार होऊन दंडाची नोटीस येण्याआधी ते शोधले तर अधिक शोभेल, आणि फेणीसाठी हक्काने बोलताना आपला आवाजही मोठा राहील.

भाटीकाराचे नाव कुठे आहे?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फेणीचे नाव नोंदले गेले ते काजू फेणी गाळणाऱ्या आणि बाटलीबंद करणाऱ्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने आणि राज्य सरकारच्या साहाय्याने. ही नोंदणी काजूच्या फेणीची आहे. माडाची फेणी, जी काजू गोव्यात येण्याआधीच्या परंपरेतून आली, तिच्यात धरलेली नाही. पुढे २०१६ मध्ये राज्याने फेणीला देशी दारूच्या वर्गातून काढून 'वारसा मद्य' म्हणून मान्यता दिली आणि २०२१ मध्ये फेणीचे स्वतंत्र धोरण आणले. सरकारने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही.

पण आमच्या नजरेसमोर येते ती भाटी. पहाटे कुळागराच्या वर, डोंगराच्या उतारावर बोंडू वेचणाऱ्या बायका. झाडावरून तोडलेले नव्हे, आपसूक गळून पडलेले पिकलेले बोंडूच फेणीला चालतात, हे त्यांच्याइतके कुणाला कळत नाही. मग बोंडू तुडवणे किंवा यंत्रावर पिळणे, वजनाखाली शेवटचा निथळणारा नीरो घरच्या पोरांसाठी बाजूला काढणे, उरलेला रस आंबवणे, भाणात घालून पहिल्या धारेचा हुर्राक काढणे आणि तो पुन्हा रसात मिसळून दुसऱ्यांदा गाळणे. अंगठ्याइतकी धार पडताना तिच्या फेसाकडे पाहून ती किती 'ग्राव'ची झाली हे सांगणारा म्हातारा भाटीकार मोजमापाच्या काचेकडे फक्त खात्री करून घ्यायला पाहतो. फेणी हे नावच फेणावरून, म्हणजे फेसावरून आले असे सांगतात.

हा भाटीकार दरवर्षी आबकारी खात्याच्या पावणीत काजूचे क्षेत्र घेतो, हंगामापुरता परवाना काढतो आणि चार महिन्यांत काढलेला माल बहुधा बाटली भरणाऱ्याला पिंपाने विकतो. बाटलीवर नाव बाटली भरणाऱ्याचे. मानांकनाची मोहर त्या बाटलीवर लागते आणि वाढलेल्या किमतीतला मोठा वाटाही तिथेच राहतो. बोंडू वेचणाऱ्या बाईचे नाव तर कुठल्याच कागदावर नसते.

कायद्याने मात्र भाटीकारासाठी दार उघडे ठेवले आहे. भारताचा भौगोलिक मानांकन कायदा १९९९ चा आहे आणि तो २००३ पासून अमलात आहे. त्यात मूळ नोंदणी संघटनेच्या नावावर असली तरी प्रत्यक्ष माल तयार करणारा कुणीही 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात आपले नाव घालू शकतो. नोंद झाली की ते नाव आपल्या मालावर लावण्याचा हक्क त्याला मिळतो आणि कुणी बनावट माल विकला तर न्यायालयात जाण्याचाही. हे नाव कुणाला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. म्हणजे उद्या एखाद्या मोठ्या कंपनीने चार ब्रँड विकत घेतले, तरी फेणी हे नाव तिच्या खिशात जात नाही. या अर्जाची फी पूर्वी ५०० रुपये होती. २०२० मध्ये नियम बदलून ती १० रुपये करण्यात आली. मापसाच्या बाजारात दहा रुपयांत आता चहाचा कपही मिळेलच असे नाही.

फी आडवी येत नाही, तर अडते कुठे? अडते ते कागदात. अर्ज इंग्रजीत, शपथपत्र इंग्रजीत, कार्यालय चेन्नईला. भाण तापवणाऱ्या माणसाला यातले काही जमत नाही आणि हंगामात त्याला मान वर करायला सवड नसते. हंगाम संपला की पाऊस, पावसात शेती, आणि पुढच्या पावणीपर्यंत विषय मागे पडतो. पुढची पिढी तर हे काम करायलाच तयार नाही. मोपाच्या पठारावर जिथे काजू होते, तिथे जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात. धावपट्टीच्या कडेच्या गावातल्या मुलाला भाटीपेक्षा विमानतळावरची नोकरी जवळची वाटली, तर त्याला दोष कसा द्यायचा? शुल्क उतरल्यावर परदेशी बाटल्या स्वस्त होतील, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत त्यांची रांग लांबेल आणि त्या रांगेत फेणीला जागा मिळवायची तर ती करणारी माणसे शिल्लक राहिली पाहिजेत. जगभरात नाव राखले आणि भाटीच विझली, तर त्या नावाचे करायचे काय?

इथे आपण मुंबईकर उपयोगी पडू शकतो. अर्ज भरणे, शपथपत्र करणे, कार्यालयांना पत्रे लिहून त्यांचा पाठपुरावा करणे, ही कामे आपल्यातल्या बहुतेकांनी नोकरीत आयुष्यभर केली आहेत. आपल्यात निवृत्त बँक अधिकारी आहेत, वकील आहेत, सरकारी कचेऱ्यांत तीस तीस वर्षे काढलेली मंडळी आहेत. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण वर्गणी पाठवतो, पालखीला आवर्जून जातो. त्याच फेरीत एक दिवस आपल्या वाड्यावरच्या भाटीकाराकडे बसून त्याचा अर्ज भरून द्यायला काय हरकत आहे? हरमलच्या मिरचीवाल्या काकींचा, खाजे करणाऱ्या घराचा, मानकुराद विकणाऱ्या बागायतदाराचाही असाच अर्ज भरता येईल. त्यांची नावे नोंदवहीत गेली की उद्या कुणी विचारले तर 'हे आमचे' असे म्हणायला प्रत्यक्ष करणारी माणसे उभी असतील. कोल्हापुरी चपलेच्या वेळी न्यायालयाने जे विचारले, त्याला तेव्हा उत्तर असेल.

आणि निदान एवढे तरी करू. येत्या हंगामात गावाहून निघताना काजूगर किंवा बाटली घेतली, तर ती कुणाच्या बागेतली, कुणाच्या भाटीवरची, हे विचारून घेऊ. दोन पैसे जास्त पडले तरी चालतील. पंच्यात गुंडाळलेल्या त्या बाटलीवर जे नाव आहे, ते भाटीवर राबणाऱ्या माणसाच्या नावावर असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.